सहा लाख एक्क्याऐंशी हजार कोटी म्हणजे किती मीटर कापड?

कापडाच्या धंद्यात मीटरमागे पन्नास पैशांवरून अर्धा तास घासाघीस होते. ताक्यात दोन मीटर कमी भरले तर आपण दलालाला फोन करतो, पावती काढून दाखवतो आणि पुढच्या मालात ते वळते करून घेतल्याशिवाय सोडत नाही. पण तेच आपण सकाळी वर्तमानपत्रात ‘संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटींची तरतूद’ असा मथळा वाचतो आणि पान उलटून मोकळे होतो. आकडा डोळ्यांसमोरून जातो, डोक्यात काही शिरत नाही. ६ लाख कोटींच्या जागी ६० लाख कोटी किंवा ६० हजार कोटी छापले असते तरी आपल्यातल्या बहुतेकांना चूक लक्षात आली नसती.

या पानाचा वाचक व्यापारी आहे, शिंपी आहे, विणकर आहे, गॅरेजवाला आहे. हिशेब ही त्याची रोजची भाषा आहे. म्हणून हा विषय त्याच्यापुढे मांडावासा वाटला. देशाला सैन्य हवे की नको हा इथे वादाचा मुद्दाच नाही. सैन्य हवे, आणि ते चांगले हवे. मुद्दा एवढाच की ज्याला रक्कम मोजता येत नाही त्याला त्या रकमेचा जाब विचारता येत नाही. आणि ही रक्कम आपल्याच गल्ल्यातून, आपल्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलेली आहे.

आपल्या शहराला तर हा विषय परका नाहीच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र इथे, लष्करी वाहनांचे संशोधन करणारी व्हीआरडीई संस्था इथे, रणगाड्यांचे संग्रहालय इथे. कागदोपत्री २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, पण बाजारात अजून सगळे ‘नगर’च म्हणतात, आणि या नगरची ओळख लष्कराचे गाव अशीच आहे.

आधी आकडा वाचायला शिकू

गोंधळ पहिल्या पायरीवरच सुरू होतो. आम्ही उर्दू शाळेत इकाई, दहाई, सैकडा करत करोड, अरब, खरबपर्यंत पाठ केले. मराठी शाळेतल्या मुलांनी कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व असे पाठ केले. आमचा अरब आणि त्यांचा अब्ज एकच, म्हणजे शंभर कोटी. पण आमचा खरब शंभर अरबांचा आणि त्यांचा खर्व दहा अब्जांचा. नाव ऐकायला सारखे, किमतीत दसपटीचा फरक. त्यावर इंग्रजी बातम्यांतले मिलियन, बिलियन, ट्रिलियन येऊन बसतात. या भानगडीतून सुटण्यासाठी सरकारने आणि वर्तमानपत्रांनी ‘लाख कोटी’ हा शब्द चालवला. तो सोपा वाटतो, पण त्यातला ‘लाख’ वाचताना आपण कोटी विसरतो आणि ‘कोटी’ वाचताना लाख विसरतो.

तीन गोष्टी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवाव्यात. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. यापलीकडे पाठ करण्यासारखे काही नाही. या मापाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली संरक्षणाची ६,८१,२१० कोटींची तरतूद म्हणजे आमच्या उर्दू मोजणीत ६८ खरब, १२ अरब, १० करोड. मराठीत ६,८१२ अब्ज आणि वर १० कोटी.

नाव कळले. अंदाज अजून आलेला नाही. त्यासाठी दुसरे माप लागते.

घड्याळाचे माप

समजा कोणी दर सेकंदाला एक रुपया मोजायला बसला. जेवण नाही, झोप नाही, नुसते मोजणे. एक लाख रुपये मोजायला त्याला सुमारे २८ तास लागतील. एक कोटी मोजायला ११६ दिवस, म्हणजे जवळजवळ चार महिने. शंभर कोटी मोजायला ३१ वर्षे आणि वर आठ-नऊ महिने, म्हणजे तरुणपणी बसलेला माणूस म्हातारपणी उठेल. आणि एक लाख कोटी मोजायला सुमारे ३१,७०० वर्षे. आपले शहर अहमद निजामशहाने वसवायला सुरुवात केली १४९० च्या सुमारास. म्हणजे शहराचे सगळे वय साडेपाचशे वर्षेसुद्धा नाही. ६ लाख ८१ हजार कोटींना तर दोन लाख सोळा हजार वर्षे लागतील.

लाख, कोटी, लाख कोटी हे तिन्ही शब्द आपण एकाच दमात बोलतो. त्यांच्यातले अंतर २८ तास, चार महिने आणि ३१,७०० वर्षे एवढे आहे. हे एकदा मनात बसले की माणूस आकड्याकडे पुन्हा पूर्वीसारखे बघत नाही.

उलट्या बाजूनेही पाहू. वर्षाची तरतूद दिवसांवर वाटली तर रोजचे १,८६६ कोटी होतात. तासाला सुमारे ७८ कोटी. मिनिटाला १ कोटी ३० लाख. सेकंदाला २ लाख १६ हजार. तुम्ही हा परिच्छेद वाचला तेवढ्या वेळात काही दुकानांच्या आयुष्यभराच्या कमाईइतकी रक्कम होऊन गेली.

मीटरचे माप

आता आपल्या धंद्याचे माप. शंभर रुपये मीटरचे साधे कापड धरू. एक कोटी रुपयांत एक लाख मीटर येते, म्हणजे शंभर किलोमीटर. नगरहून पुण्याकडे हे कापड अंथरत गेलो तर पुणे थोडेच उरेल. ६,८१,२१० कोटींचे कापड होते ६ कोटी ८१ लाख किलोमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीला सतराशे वेढे. चंद्रापर्यंत ताका उलगडत नेला तर १७७ वेळा पोहोचेल एवढे कापड.

माणशी काढू. लोकसंख्या १४५ कोटी धरली तर माणशी सुमारे ४,७०० रुपये. पाच जणांच्या घरामागे वर्षाला साडेतेवीस हजार, महिन्याला जवळजवळ दोन हजार. पुष्कळ घरांचे विजेचे बिल याहून कमी येते. घरात कोणी आयकर भरत नसला म्हणून सुटका होत नाही. कापड, साबण, बिस्किट, मोबाईलचे रिचार्ज, सगळ्यावर कर आहे आणि त्यातला वाटा दिल्लीला जातो.

अशी मोजणी काही दुकानदारांचाच उद्योग आहे असे समजू नये. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हे स्वतः दुसऱ्या महायुद्धातले सेनापती होते. त्यांनी १९५३ मध्ये एका भाषणात एका बॉम्बफेकी विमानाची किंमत डॉलरमध्ये न सांगता शाळांमध्ये सांगितली होती. त्या एका विमानाच्या पैशात तीसहून जास्त गावांत पक्की शाळा उभी राहते, असा त्यांचा हिशेब होता. सेनापतीला जे माप वापरावेसे वाटले ते व्यापाऱ्याने वापरायला हरकत नसावी.

एका रणगाड्याची पडताळणी

एवढी मोठी रक्कम एकदम तोलता येत नाही, म्हणून त्यातला एक नग घेऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘अर्जुन एमके-१ए’ जातीच्या ११८ रणगाड्यांची ऑर्डर दिली. रक्कम ७,५२३ कोटी. माल बनवणार तामिळनाडूतला आवडीचा कारखाना. पण अर्जुनचा आणि नगरचा संबंध जुना आहे. सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुनवरून लेझरने नेम साधणाऱ्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी झाली ती आपल्या के. के. रेंजवर.

भागाकार करा. एक रणगाडा पडला ६३ कोटी ७५ लाखांना.

हे ६३ कोटी ७५ लाख आपल्या काउंटरवर कसे जमतात? शंभर रुपये मीटरच्या कापडावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये. त्यातला निम्मा राज्याचा. केंद्राकडे गेले अडीच रुपये. केंद्राच्या करातून पुढे राज्यांना वाटा जातो, तो तूर्त बाजूला ठेवू. रोज दोनशे मीटर विकणारे बरे चाललेले दुकान वर्षाचे तीनशे दिवस उघडे राहिले तर ६० हजार मीटर विकते. त्यातून केंद्राला मिळाले दीड लाख. या हिशेबाने एका रणगाड्यासाठी अशी ४,२५० दुकाने वर्षभर चालली पाहिजेत. नगरचा कापड बाजार, संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी अशा सगळ्या पेठांची दुकाने आठवून बघा, म्हणजे ४,२५० म्हणजे किती ते कळेल.

पण याच ठिकाणी सावध राहायला पाहिजे, कारण माप बदलले की तोच माल स्वस्त दिसतो. हा रणगाडा सुमारे ६८ टनांचा आहे. किलोवर भाव काढला तर ९,३७५ रुपये किलो पडतो. चांदी कितीतरी महाग आहे! कोणी म्हणेल, रणगाडा चांदीपेक्षा स्वस्त पडला. हिशेब बरोबर आहे आणि निष्कर्ष फसवा आहे, कारण रणगाडा कोणी किलोवर घेत नाही. कापड वजनावर विकणारा आणि मीटरवर विकणारा यांचे भाव आपण एकमेकांशी कधी लावत नाही. सरकारी आकड्याबाबतही पहिला प्रश्न हाच असावा: हे माप कोणी निवडले आणि का?

आपल्या शहराने मोठी हत्यारे पूर्वीही बनवली आहेत. विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलूखमैदान तोफ आहे ती १५४९ मध्ये बुरहान निजामशहाच्या काळात आपल्या नगरातच ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी, म्हणजेच रूमीखान. वजन सुमारे ५५ टन. आजच्या रणगाड्याला जवळ जाणारे वजन, आणि तेही भट्टी आणि साचा यांच्या जोरावर. त्या काळीही ते धातू, तो कोळसा आणि ती मजुरी शेतसाऱ्यातूनच आली असणार. फरक एवढाच की त्या रयतेला खर्च विचारण्याचा हक्क नव्हता. आपल्याला आहे.

शंभर रुपयांची वाटणी

पुष्कळांना वाटते की संरक्षणाचा सगळा पैसा विमाने आणि तोफांवर जातो. तसे नाही. २०२५-२६ च्या तरतुदीचे शंभर रुपये केले तर सुमारे २६ रुपये नव्या खरेदीला, म्हणजे विमाने, जहाजे, रणगाडे यांना. ही रक्कम १ लाख ८० हजार कोटी. सुमारे ४६ रुपये पगार, इंधन, दुरुस्ती, दाणागोटा, कपडेलत्ते यांना. सुमारे २४ रुपये पेन्शनला, म्हणजे १ लाख ६० हजार ७९५ कोटी. उरलेले चार रुपये मंत्रालयाच्या इतर खात्यांना.

दुकानदाराच्या भाषेत बोलायचे तर नवा माल भरायला चौथा हिस्सा आणि दुकान चालवायला व जुन्या नोकरांना सांभाळायला पाऊण हिस्सा. यात वावगे काही नाही. ज्याने सीमेवर उमेद घालवली त्याला पेन्शन मिळालीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांची घरे गावोगाव आहेत. त्यांची पेन्शन शेवटी आपल्याच बाजारात उतरते, हे दिवाळीच्या आणि ईदच्या हंगामात प्रत्येक कापडवाल्याने पाहिले आहे. पण ‘संरक्षण बजेट वाढले’ हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारावा: चार भागांपैकी कोणता भाग वाढला?

दोन तराजू

आता या रकमेला लहान आणि मोठे ठरवणारे दोन तराजू बाजारात आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला तराजू टक्क्यांचा. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने २०२५-२६ ची तरतूद दोन टक्क्यांच्याही किंचित आत आहे. केंद्राच्या एकूण ५० लाख ६५ हजार कोटींच्या खर्चात तिचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे. जगाकडे पाहिले तर स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये अमेरिकेने सैन्यावर ९९७ बिलियन डॉलर खर्च केले, चीनने अंदाजे ३१४ आणि भारताने ८६. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर अमेरिकेचे होतात सुमारे ८४ लाख ७५ हजार कोटी, म्हणजे आपल्या केंद्र सरकारच्या सगळ्या बजेटच्या दीडपटीहून जास्त. शेजारी मोठा आणि सीमा लांब असताना दोन टक्के फार म्हणता येत नाहीत, असे जाणकार सांगतात. त्यात तथ्य आहे.

दुसरा तराजू शेजारच्या खात्यांचा. त्याच वर्षी वस्त्रोद्योग मंत्रालयाला मिळाले ५,२७२ कोटी. संरक्षणाच्या रोजच्या १,८६६ कोटींनी भागले तर हा पैसा तीन दिवसांपेक्षा कमी पुरतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग, देशभरातले हातमाग, कापूस, रेशीम, लोकर, ताग, या सगळ्यांसाठी केंद्राच्या या खात्याकडे वर्षाचे तीन दिवस. अल्पसंख्याक मंत्रालयाला ३,३५० कोटी, म्हणजे ४३ तास. शिक्षण मंत्रालयाला १ लाख २८ हजार ६५० कोटी, म्हणजे ६९ दिवस. आणि आपल्या राज्याचा, म्हणजे महाराष्ट्राचा २०२५-२६ चा सगळा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा होता. शाळा, दवाखाने, रस्ते, पोलीस, पाटबंधारे, जुन्या कर्जाचे व्याज, सगळे धरून. देशाचे संरक्षण आणि अख्खे महाराष्ट्र राज्य, दोन्ही पारडी जवळजवळ सारखी.

इन्साफाने बोलायचे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळा आणि दवाखाने यांचा मोठा खर्च राज्ये करतात आणि सैन्याचा खर्च एकटे केंद्र करते. त्यामुळे केंद्राच्या खात्यांची तुलना करून ‘शिक्षणाला काहीच नाही’ असे ओरडणे चूक ठरेल. पण वस्त्रोद्योगासारख्या लाखो कारागिरांच्या धंद्याला केंद्राकडून काय येते, हे मात्र या तराजूत स्पष्ट दिसते. ज्याला खर्च लहान दाखवायचा तो पहिला तराजू काढतो, ज्याला मोठा दाखवायचा तो दुसरा. व्यापाऱ्याने दोन्हीवर माल तोलून घ्यावा.

जुना भाव, नवा भाव

आणखी एक फसगत जुन्या आकड्यांनी होते. मार्च १९८६ मध्ये बोफोर्स तोफांचा करार झाला. सुमारे चारशे तोफा, १,४३७ कोटी रुपये. त्यात ६४ कोटींची दलाली दिली गेल्याचा आरोप झाला आणि त्यावरून देशाचे राजकारण ढवळून निघाले. आजचा तरुण म्हणतो, ६४ कोटींसाठी एवढा गदारोळ? आज तेवढ्यात एक रणगाडा येतो!

पण १९८६ चा रुपया आणि २०२५ चा रुपया एक नाही. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने सुमारे २,१०० रुपयांना होते. २०२५ मध्ये सोन्याने एक लाखाचा भाव ओलांडला. सोन्याच्या मापाने बोफोर्सचा करार आजच्या सुमारे ६८ हजार कोटींचा होतो आणि ती ६४ कोटींची दलाली तीन हजार कोटींची. सोने इतर मालापेक्षा जास्त चढले आहे, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला समजा. तरी अंदाज येतो. ३६ राफेल विमानांचा २०१६ चा करार सुमारे ५९ हजार कोटींचा होता. नौदलासाठी २६ राफेल घेण्याचा एप्रिल २०२५ चा करार सुमारे ६३ हजार कोटींचा. म्हणजे बोफोर्स हा त्या काळच्या मानाने लहान सौदा नव्हता. जुनी उधारी वसूल करताना आपण बाजारभावाचे भान ठेवतो, तेच इथे ठेवायला पाहिजे.

जाकीट पोहोचले का?

आता मुख्य गोष्ट. रक्कम किती मोठी हे कळल्यावर लोक दोन प्रकारे वागतात. काही म्हणतात, एवढा पैसा जातो म्हणजे सैन्याला कशाचीही कमतरता नसणार. काही म्हणतात, एवढा पैसा म्हणजे सगळा वायाच जाणार. दोघेही एकूण बेरजेवर बोलतात. व्यापारी बेरजेवर थांबत नाही. तो माल आला का, नग मोजून बघतो.

कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, यांचा एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. सियाचीन, लडाखसारख्या उंच, बर्फाळ भागातल्या जवानांचे कपडे, साहित्य आणि अन्न हा त्याचा विषय होता. त्यात आढळले की बर्फाच्या चमकेपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. बूट वेळेवर न आल्याने जुने बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले. तोंडाचे मुखवटे, जाकिटे, झोपण्याच्या पिशव्या जुन्या पद्धतीच्या घेतल्या गेल्या. हा अहवाल काही वर्षांपूर्वीच्या परिस्थितीचा आहे आणि नंतर पुरवठा सुधारला, असे लष्कराकडून सांगण्यात आले. ते खरे असेल तर आनंदच आहे.

पण विचार करा, चष्मा, बूट, जाकीट म्हणजे काय? कापड, कातडे, शिलाई. आपल्याच धंद्याचा माल. लाखो कोटींच्या बजेटमध्ये या वस्तूंची किंमत सुताच्या एका धाग्याएवढी. तरी ऑर्डर उशिरा निघाली, नमुना पास व्हायला वेळ लागला, आणि तिथे उणे तीस-चाळीस अंशांत उभा असलेला मुलगा थांबून राहिला. त्याला ६ लाख कोटींची ऊब लागत नाही. त्याला एका जाकिटाची लागते. हा मुलगा पाथर्डीचा असेल, पारनेरचा असेल, कोणाच्याही घरातला असेल. म्हणून खर्चाचा हिशेब मागणे म्हणजे सैन्याच्या विरोधात बोलणे असा जो समज पसरला आहे तो उलटा आहे. हिशेब मागितल्याने जाकीट पोहोचते.

हिशेब ढिला सोडला की काय होते याचे उदाहरण सर्वांत मोठ्या दुकानाचे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे पहिले पूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये झाले. तेव्हापासून २०२४ पर्यंत सलग सात वर्षे ते खाते त्यात नापास झाले. मालमत्ता आणि साठा यांचा मेळ पुरता बसला नाही. आपल्यातल्या एखाद्या दुकानाचा रोजमेळ आणि साठा सात वर्षे जुळला नसता तर सेल्स टॅक्सवाल्यांनी कुलूप लावले असते. आपल्याकडे कॅग आहे, संसदेची लोकलेखा समिती आहे, संरक्षणाची स्थायी समिती आहे. त्यांचे अहवाल येतात. ते कोणी वाचत नाही, हा दोष आपला आहे.

बजेटमध्ये न दिसणारी किंमत आणि आपला वाटा

काही किंमत कोणत्याच आकड्यात येत नाही. के. के. रेंजच्या सरावासाठी राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांच्या जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. जमीन जाईल की राहील हे माहीत नसलेला शेतकरी विहीर खोदत नाही, घर बांधत नाही, आणि लग्नाचा बस्ता बांधतानाही हात आखडता घेतो. ही मंदी रणगाड्याच्या किमतीत धरलेली नसते. तिची झळ आपल्यापर्यंत येते.

दुसऱ्या बाजूने या खर्चातला वाटा आपल्याकडे येण्याची वाट उघडी आहे, तिकडेही आपला समाज कमी जातो. सरकारी खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के माल लघु व सूक्ष्म उद्योगांकडून घ्यावा असे धोरण आहे, आणि ३५८ वस्तू त्यांच्यासाठी राखीव आहेत. २०१६ पासून जेम नावाच्या सरकारी ऑनलाईन बाजारात खरेदी होते. चादरी, पडदे, मोजे, पिशव्या, गणवेशाची शिलाई हे काम करणाऱ्या कारखानदाराने ‘उद्यम’ नोंदणी करून तिथे नाव घालायला हरकत नाही. निविदा वाचायला किचकट असतात आणि पैसे यायला वेळ लागतो, म्हणून भांडवल बघूनच पाऊल टाकावे. पण १,८६६ कोटी रोज खर्च होतात त्यातले काही हजार आपल्या शिलाई मशीनपर्यंत का येऊ नयेत?

चार प्रश्न

पुढच्या वेळी मोठा आकडा वाचाल तेव्हा पान उलटण्याआधी कागद घ्या आणि चार भागाकार करा. नग किती, आणि एक नग कितीला पडला? माणशी किती, आणि माझ्या घरामागे किती? दिवसाला किती, आणि माझ्या धंद्याच्या खात्याला त्याच्या किती दिवसांइतके मिळते? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: पैसा गेला, माल पोहोचला का?

हे चार प्रश्न घेऊन खासदाराच्या सभेत उभे राहा. मते मागायला जो येईल त्याला विचारा. उत्तर चटकन मिळणार नाही. पण ज्याला आकडा कळतो असा माणूस समोर उभा आहे, एवढे कळले तरी बोलणाऱ्याची भाषा बदलते. हे आपण रोज काउंटरवर अनुभवतो. जे गिऱ्हाईक स्वतः मीटर घेऊन मोजते, त्याला कोणी कमी माप देत नाही.